बाईचं बीज

माझी मोठी बहीण देवकाबाई आयुष्यात कधी रंगमंचावर चढली नाही, पण मला बाईसारखं चालायला तिनेच शिकवलं.

आमच्या झाडीपट्टीच्या दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, तेव्हा बायका काम करत नसत. आम्ही पोरंच लुगडी नेसून राण्या व्हायचो. मी पहिल्यांदा राणी झालो तेव्हा देवकाबाईने मला अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं आणि म्हणाली, "यादो, डोक्यावर पान्याची गुंडी आहे असं समज. आता चाल." मी चाललो, आणि पुढे पुष्कळ वर्षं चालतच राहिलो. दंडारीतून वडशाच्या नाटक कंपन्यांत गेलो. राणी झालो, सवत झालो, पोर गमावलेली आई झालो. समोर घोंगडीवर बसलेली बायामाणसं पदराने डोळे पुसायची. आज पंच्याहत्तरी ओलांडल्यावर सांगतो, बाईच्या अंगात महिनाभर काय चाललेलं असतं, याची मला काडीची कल्पना नव्हती. आणि जिने मला बाई व्हायला शिकवलं, त्या देवकाबाईलाही नव्हती.

ही गोष्ट तिची आहे.

देवकाबाई एकोडीची. म्हणजे दिली एकोडीला, पण आता एकोडी तिच्याशिवाय मला आठवत नाही. तलावाखाली घरचं धान, गोठ्यात दोन म्हशी, घरात एकुलता एक मुलगा भूपेंद्र. तिचे यजमान मारोतराव वारले तेव्हा तिने मला निरोप धाडला, "नाटकं पुरे झाली, घरी ये." मी आलो. तेव्हापासून घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, माझी खाट आहे.

धानाचं तिला कळायचं तसं कुणाला कळत नसे. लोंबी दोन बोटांत दाबून ती सांगायची, अजून दूध आहे की दाणा भरला. शेजारचे लोक कापणीच्या आधी तिला बांधीवर घेऊन जात. बांधी म्हणजे आमच्याकडे बांध घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. पण याच शब्दाने तिला तरुणपणी फार रडवलं होतं. भूपेंद्र व्हायच्या आधी तिची कूस कितीतरी वर्षं रिकामी होती. तिची सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बाई म्हनजे बांधी, मानूस म्हनजे बी. बांधीच खारी, त बी काय करीन?" देवकाबाईने ते ऐकलं, सोसलं आणि खरं मानलं. सोसलेली गोष्ट माणूस खरी मानतो, हे मी पुष्कळ पाहिलं आहे.

सासूकडून तिने आणखी एक गोष्ट घेतली होती, ती म्हणजे विटाळाचं कडक पाळणं. पाळी आली की बाईने सपरीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात बसायचं. ताट वेगळं, चटई वेगळी. चुलीला, देवाला, नवऱ्याला शिवायचं नाही. चार-पाच दिवसांनी डोक्यावरून पाणी घेतलं की मग आत. गावातल्या बऱ्याच घरांतून हे आता सुटलं आहे. देवकाबाईच्या घरी सुटलं नव्हतं.

अशा घरात आंधळगावची राखी सून होऊन आली. बारावी शिकलेली, शिवणयंत्र चालवणारी, तोंडाची फटकळ आणि मनाची हळवी. भूपेंद्र चिखल्याच्या खाणीवर खाजगी टिप्पर चालवतो, तिथेच खोली करून राहतो आणि सुटीला घरी येतो. त्यामुळे राखीला बोलायला माणूस म्हणजे सासू, आणि बाहेर बसली की मी.

ती बाहेर फार बसायची. महिन्यातून दोनदा.

"आली का जोडीदारीण?" मी खाटेवरून विचारायचो.

"आली जी मामाजी. तुमचं न मायं एकच काम, बसून राहाचं."

"मी म्हातारा म्हणून बसलो. तू काहून?"

"मी तरणी म्हणून."

मग मी तिला जुने प्रवेश म्हणून दाखवायचो, ती काजं-बटणं करत ऐकायची. मला वाटायचं, काही बायकांना दोनदा येत असेल. तिलाही तसंच वाटायचं. वयात आल्यापासून तिचं असंच होतं आणि आंधळगावला तिच्या आईच्या घरी कुणी असं मोजून पाळत नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात एक प्रकार झाला. राखी घटाला पाणी घालत होती आणि तिच्या साडीवर एक डाग दिसला. रुपयाएवढाही नसेल. देवकाबाईने घट उचलला, माती उकिरड्यावर टाकली, देवघर धुतलं, नवा घट बसवला आणि नवरात्र संपेपर्यंत सुनेशी एक शब्द बोलली नाही. राखीने त्याचा धसका घेतला. महिन्यातल्या त्या दुसऱ्या, मधल्या खेपेला डाग दिसायच्या एक-दोन दिवस आधी तिच्या ओटीपोटात एका बाजूला कळ यायची. आता ती कळ आली रे आली की राखी चटई घेऊन बाहेर. डागाची वाटच बघायची नाही. आणि भूपेंद्रला फोन, "या सुटीले येऊ नका, मी बाहेर आहो."

देवकाबाई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "मायी सून डाग पडाच्या आंधीच उठते." सगळ्या माना डोलवायच्या. मीही डोलवायचो. नाटकात असा प्रसंग असता तर एखाद्या शहाण्या प्रेक्षकाने तिथेच ओरडून सांगितलं असतं. पण घराला प्रेक्षक नसतात.

वर्षं गेली. पाळणा हलला नाही. साकोलीच्या डॉक्टरीणबाईंकडे राखी जाऊन आली, रक्त दिलं, सोनोग्राफी झाली. भूपेंद्रचीही तपासणी झाली. दोघांतही काही दोष नाही. "मग होत काहून नाही?" हेच विचारत राखी परतली. मारोतरावांची बहीण गोदावरीबाई दर खेपेला येऊन सांगायची, "एक पोरगी पाहून ठेवली आहे मी. गरिबाची आहे, दुसरेपणावर येईन."

दिवाळीच्या आधी एका दुपारी राखी सपरीत बसली होती. काजं करता करता सहज बोलावं तशी बोलली, "मामाजी, दिवाळीनंतर मंडईच्या दिवशी कैलाश येनार आहे मले न्यायले."

कैलाश तिचा भाऊ. मी म्हटलं, "जाऊन ये. आईला बरं वाटेल."

"येत नाई मी आता परत."

मी उठून बसलो. "भूपेंद्रला ठाऊक आहे?"

"त्यायले सांगतलं त टिप्पर रस्त्यात टाकून येतीन. कोनी काढून देन्याच्या आंधी आपनच गेलेलं बरं. तुम्ही कोनाले सांगू नका."

मी आयुष्यभर दुसऱ्याने लिहिलेले शब्द सांगत आलो, गुप्त ठेवणं मला जमत नाही. संध्याकाळी देवकाबाईला सांगितलं. ती म्हशीची धार काढत होती. धार थांबली नाही. बादली भरल्यावर ती म्हणाली, "दवाखान्यात एक डाव मी जातो तिच्यासंग. डॉक्टर काय विचारते, थे मले ऐकू दे."

दोन दिवसांनी आम्ही तिघं साकोलीला गेलो. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत एक हिरवा पडदा होता. मी पडद्याच्या बाहेर बाकावर. आत बाईंनी विचारलं, "बाहेर कोण बसलंय? त्यांना दूर बसायला सांगू का?"

"माया भाऊ आहे," देवकाबाई म्हणाली. "जनमभर बायांचे पार्ट केले त्यानं."

राखीला हसू आलेलं मला ऐकू आलं. "राहू द्या मॅडम. मामाजीले सगळं ठाऊक असते, मी कवा बाहेर बसतो न कवा आत जातो."

असं मी आयुष्यात प्रथमच पडद्याच्या उलट्या बाजूला बसून नाटक ऐकलं.

डॉक्टरीणबाई जुने कागद चाळत असाव्यात. "पाळी नियमित ना?"

"हाव, नियमित," राखी म्हणाली.

"नियमित कायची," देवकाबाई मध्येच बोलली. "महिन्यातून दोन डाव बाहेर बसते."

कागदांचा आवाज थांबला. "दोन वेळा? राखी, हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही नियमित आहे का विचारलं. दोन्ही टाइमावर येतात. म्हनून हाव म्हटलं."

"दुसरी येते तेव्हा किती जातं?"

"थोडुसंच. डागच पडते. गुलाबी, नाईतर तपकिरी. दुसऱ्या दिवशी काहीच नसते. त्याच्या आंधी पोटात एका बाजूने दुखते, म्हनून मी अगोदरच बाहेर बसतो."

"आणि मग किती दिवस नवऱ्यापासून दूर?"

"पुरे चार-पाच दिवस," देवकाबाई अभिमानाने म्हणाली. "इटाळ थो इटाळ, थोडा का बहुत. दुधात मिठाचा खडा केवढाही पडो, दूध नासतेच."

मग खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "आई, ही दुसरी पाळी नाहीच. दोन पाळ्यांच्या मधात बाईच्या अंडाशयातून बीज बाहेर पडतं. त्या वेळी अंगातलं एक हार्मोन खाली-वर होतं, म्हणून काही बायकांना, थोड्याच बायकांना, असा डाग दिसतो. कुणाला एका बाजूला कळ येते. हिला दोन्ही होतं. प्रत्येक मधलं रक्त असं नसतं बरं का. कधी गाठ असते, सूज असते, म्हणून असं काही दिसलं तर तपासावंच लागतं. हिची सोनोग्राफी, रक्त सगळं झालंय. काही नाही निघालं."

"बीज?" देवकाबाई म्हणाली. "बीज त मानसाचं असते."

"बाईचंही असतं. अर्धं तिचं, अर्धं त्याचं, तेव्हा मूल होतं."

"कोनं सांगतलं?"

"दिसतं ना आई. यंत्राखाली मोठं दिसतं, नुसत्या डोळ्यालाही जेमतेम ठिपका दिसेल एवढं असतं. अंगातल्या सगळ्या पेशींत मोठं तेच. आणि बाहेर पडल्यावर ते एखादा दिवसच टिकतं. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र आत तीन-चार दिवस तग धरतात, त्याची वाट पाहत. म्हणून मूल राहायचे दिवस म्हणजे ते बीज सुटायच्या आधीचे थोडे दिवस आणि तो दिवस. आता सांगा, ही त्या दिवसांत कुठे असते?"

"सपरीत," राखी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मी बाकाच्या कडेपर्यंत सरकलो.

"दर महिन्याला?"

"दर महिन्याले."

हे ऐकून मला जे वाटलं ते मी नीट सांगू शकणार नाही. मी मोठमोठे ट्रान्स्फर सीन पाहिले आहेत, क्षणात राजवाड्याचं रान होताना पाहिलं आहे. पण माझ्या खाटेपासून हातभर अंतरावर, काजं करत बसलेल्या एका पोरीच्या पोटात दर महिन्याला एक ठिपका घर सोडून निघत होता, खबर म्हणून एक गुलाबी थेंब पुढे पाठवत होता, आणि आम्ही त्या खबरेलाच दार लावून घेत होतो.

आत देवकाबाईने विचारलं, "मॅडम, मायाबी आंगातून सुटत होतं का थे?"

"तुमच्याही, आई. पाळी आली तेव्हापासून गेली तोवर. साधारण दर महिन्याला एक."

"न मी बांधी म्हनत होतो स्वतःले," देवकाबाई म्हणाली.

निघताना डॉक्टरीणबाईंनी राखीला बजावलं, "डाग दिसतो म्हणजे मूल होईलच, असा अर्थ नाही. पण ते दिवस वाया घालवू नका. एवढंच औषध."

परतताना देवकाबाईने ऑटो तलावाजवळच थांबवायला लावला. राखीला घरी पाठवलं आणि ती तलावाच्या पारेवर, म्हणजे बांधावर, बसली. मी गुडघे सांभाळत शेजारी बसलो. खाली बांध्यांमध्ये उशिरा पिकणारं जड धान पिवळं पडत होतं.

"यादो," ती म्हणाली, "त्या नवरात्रात पोरीचं बीज आलं होतं. देवीच्या पुढ्यात आलं होतं. न मी घट उकिरड्यावर टाकला."

"तुला काय ठाऊक?"

"मले नव्हतं ठाऊक. पन देवीले असन ना." थोड्या वेळाने तिने आपल्या पोटावर हात ठेवला, सुरकुतलेला, लाकडासारखा झालेला हात. "मायी सासू म्हने, बी मानसाचं. एवढी वर्षं मायं सोताचं बी निघत होतं न मलेच पत्ता नाई. किती गेलं असन, रे." ती रडत नव्हती. पहिल्यांदा समुद्र पाहिलेल्या माणसासारखी बसली होती.

मंडईचा दिवस आला. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे आमच्याकडे गावाचा उत्सव. बाजार भरतो, दंडार होते, नाटक होतं आणि घरोघरी पाहुणे. आमच्या घरी गोदावरीबाई सकाळीच येऊन बसली होती. कैलाश मोटरसायकल घेऊन आला होता. भूपेंद्र सुटी काढून आला होता आणि बाजारात गेला होता. घर माणसांनी भरलेलं.

आणि राखी चटई घेऊन सपरीच्या कोपऱ्यात येऊन बसली. तिची बॅग कैलाशच्या गाडीजवळ ठेवलेली होती.

"कळ आली का?" मी हळूच विचारलं.

"हाव."

"मग इथे काहून? डॉक्टर काय म्हणाल्या?"

"डॉक्टर साकोलीले आहे, मामाजी. घरात आत्याबाई आहे. आज डाग दिसला त आईची लाज जाईन सगळ्यायच्या पुढं. तशीही मी जाऊनच राहिलो."

तेवढ्यात देवकाबाई दारात आली. हाताला उडदाचं पीठ. तिने आधी बॅग पाहिली, मग चटई पाहिली.

"राखी, ऊठ. वडे तळाचे आहेत."

गोदावरीबाई आतून म्हणाली, "अवं वहिनी, थे बाहेरची आहे ना? वड्यायले कायले शिवायले लावतं?"

"बाहेरची नाई थे."

"मंग चटईवर काहून बसली?"

"तिचं बीज सुटाचं आहे," देवकाबाई म्हणाली.

सपरीत, अंगणात, चुलीपाशी, जो जिथे होता तिथे थांबला. कैलाशच्या हातातली कपबशी तशीच राहिली. असं वाक्य त्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं आणि तिने ते असं उच्चारलं, जसं कुणी सांगावं की गाय व्यायला झाली आहे.

"काय सुटाचं आहे?" गोदावरीबाईने विचारलं.

"बीज. बाईचं असते थे. तुयंबी होतं, मायंबी होतं. त्याचीच खबर येते, न आपन त्याले इटाळ म्हनून राहिलो. दर खेपेले डोक्यावरून पानी घेतलं, त काय धुतलं आपन? नातू धुतले."

"म्हातारपनी याड लागलं वहिनीले."

"हाव, लागलं. तू पाहून ठेवलेली पोरगी दुसऱ्या घरी दे. या घरात जागा नाई."

मग ती राखीपुढे उकिडवी बसली. मोठ्याने बोलायचं होतं ते बोलून झालं होतं, आता आवाज खाली आला. पण मी शेजारीच होतो. "लेकरू झालं त झालं. नाई झालं त नाई. त्या घटाच्या वेळेस मी चुकलो, पोरी. तू आंधळगावले गेली त मी कोनासंग भांडू? या यादोसंग? याले त भांडताबी नाई येत, नाटकातलेच बोल बोलते."

राखीने मान वर केली नाही. "आई, सगळे पाहून राहिले. मले लाज वाटते."

"मलेबी वाटते. चाल."

राखी बसूनच राहिली. मला वाटलं, ही आता उठते ती गाडीवरच बसते. मग ती उठली, चटई गुंडाळून माझ्या खाटेखाली सरकवली आणि म्हणाली, "कैलाश, चहा पी. बॅग आत नेऊन ठेव. आलाच आहेस त मंडई पाहून जा."

ती चुलीपाशी गेली. देवकाबाईने तिच्या हातात झारा दिला. दुपारी गोदावरीबाई तोंड फिरवून पंगतीला बसली, आणि वडे मात्र तिने दोनदा मागून घेतले. म्हणाली, "मीठ बरोबर आहे." आमच्या घराण्यात याला माफी म्हणतात.

पुढचे दोन-तीन महिने काही झालं नाही. पाळी आली, राखी खऱ्या पाळीला बाहेर बसली. एक दिवस देवकाबाईच म्हणाली, "थंडी आहे, आत झोप." तेव्हापासून चटई खाटेखालीच आहे. उन्हाळी धानाची रोवणी चालू असताना राखीला चिखलाचा वास सहन होईना. त्यानंतरचं तुम्हाला ठाऊकच आहे, सगळ्या घरांत ते सारखंच असतं. तरी देवकाबाई ते असं पाहत होती, जणू जगात पहिल्यांदाच घडत आहे.

मुलगी झाली. साकोलीच्या दवाखान्यात राखीच्या खाटेभोवती आम्ही सगळे उभे होतो. राखीची आई आनंदाबाई आंधळगावहून आली होती. डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, तेव्हा देवकाबाईने नातीला मांडीवर घेऊन विचारलं, "मॅडम, हिचं बीज कवा तयार होईन? पाळी येईन तवा?"

"झालंय आई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलीचं सगळं बीज आईच्या पोटात असतानाच तयार होतं. ती घेऊनच जन्माला येते. नंतर नवीन बनत नाही, त्यातलंच एकेक पिकतं."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. देवकाबाई त्या मुठीएवढ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिला ओळखतो, ती लोंबी दाबून बघते तशी मनात काहीतरी दाबून बघत होती. मग तिने आनंदाबाईकडे पाहिलं.

"विहीनबाई, राखी तुमच्या पोटात होती, तवाच तिचं सगळं बीज तिच्यात होतं."

"हाव, मॅडम तसंच म्हनल्या."

"त्यातलंच एक ही."

आनंदाबाईला समजायला थोडा वेळ लागला. मग ती हळूच खाटेच्या कडेवर बसली.

"म्हनजे इले मी पहिले पोटात वागवलं," ती म्हणाली. "तुमच्या घरी येन्याच्या कितीक आंधी."

"तेच त सांगून राहिलो," देवकाबाई म्हणाली, आणि तिने पोर आनंदाबाईच्या ओटीत ठेवली. "घ्या. वजन पाहा, तवापासून वाढलं का."